सिंथेसायझरला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आल्या कुठून?

सिंथेसायझर म्हटलं की आपल्याला कीबोर्डच आठवतो. ऑर्केस्ट्रात स्टँडवर ठेवलेला, बटणं दाबली की बासरीपासून ढोलकीपर्यंत सगळं वाजवणारा. पण १९६०च्या दशकात हे यंत्र जन्माला आलं तेव्हा ते जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखं दिसायचं: लाकडी कपाट, त्यात खटके आणि गोल बटणं, समोर वायरींचं जंजाळ. त्याला पट्ट्या असाव्यात की नसाव्यात, यावर तर ते बनवणाऱ्यांचंच एकमत नव्हतं.

मॉड्युलर म्हणजे काय?

या कपाटातला प्रत्येक खण, म्हणजे मॉड्यूल, एकच काम करतो. ऑसिलेटर मूळ स्वर काढतो, फिल्टर त्यातला काही भाग गाळतो, अँप्लिफायर आवाज लहानमोठा करतो आणि एन्व्हलप जनरेटर आवाज किती झटकन उठेल, किती हळू विरेल ते ठरवतो. कोणता खण कोणाला जोडायचा हे वाजवणाऱ्याने वायरींनी ठरवायचं. या जोडणीला ‘पॅच’ म्हणतात. वायरी काढल्या की तो आवाज गेला. पुन्हा हवा असेल तर जोडणी कागदावर लिहून ठेवा.

खरी युक्ती होती व्होल्टेजची. मोगच्या यंत्रात ऑसिलेटरला मिळणारं व्होल्टेज एकने वाढवलं की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. हे व्होल्टेज कुठूनही येऊ शकतं, अगदी दुसऱ्या ऑसिलेटरकडूनही. तो संथ असेल तर स्वर थरथरतो, वेगवान असेल तर घंटेसारखे विचित्र नाद निघतात. त्याआधी असलं संगीत करणारे लोक टेपचे तुकडे ब्लेडने कापून चिकटवत बसायचे. न्यूयॉर्कमध्ये १९५७ साली बसवलेला आरसीए मार्क टू होता खरा, पण तो खोलीभर पसरलेला आणि भोकं पाडलेल्या कागदावर चालणारा.

एक पूर्वेला, एक पश्चिमेला

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावात रॉबर्ट मोग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत पहिला नमुना बनवला. (उच्चार ‘मोग’, डाळीतला मूग नव्हे.) डॉइच यांना कीबोर्ड हवा होता आणि मोग यांनी तो जोडला.

त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डॉन बुक्ला वेगळ्याच वाटेने निघाले होते. तिथल्या टेप म्युझिक सेंटरचे मॉर्टन सुबॉटनिक आणि रॅमन सेंडर यांनी ५०० डॉलर देऊन त्यांच्याकडून यंत्र करवून घेतलं. बुक्ला यांनी पट्ट्या टाळल्या आणि बोटाच्या स्पर्शावर चालणाऱ्या पत्र्याच्या पट्टिका बसवल्या. पियानोच्या पट्ट्या दिल्या की माणूस पियानोच वाजवणार, हा त्यांचा आक्षेप. ‘सिंथेसायझर’ या शब्दात नक्कल असल्याचा वास येतो म्हणून तो शब्दही त्यांना नकोसा होता.

पेटीचा वाद माहीत असलेल्याला हा मुद्दा लगेच कळेल. पेटीत एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत घसरत जाता येत नाही, मींड निघत नाही, श्रुती निसटतात. अशाच आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. व्होल्टेजला मात्र स्वर ठाऊकच नसतात, ते सलग चढतं आणि उतरतं. म्हणजे मींड घेऊ शकणाऱ्या यंत्राला आपणच बारा पायऱ्या बसवल्या. मोग यांनी बोट सरकवण्याची एक लांब रिबनही दिली होती, पण बहुतेकांचा हात कीबोर्डकडेच गेला.

बाखने निकाल लावला

१९६७ मध्ये सुबॉटनिक यांची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही बुक्लावर रचलेली रेकॉर्ड आली. ती आजही ताजी वाटते. पण बाजार हलवला तो १९६८च्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ने. वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना मोगवर वाजवल्या. यंत्रातून एका वेळी एकच सूर निघायचा, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी वाजवून टेपवर थर चढवावे लागले. त्यात यंत्र गरम झालं की बेसूर व्हायचं, तंबोऱ्यासारखं पुन्हापुन्हा जुळवा. रेकॉर्डने तीन ग्रॅमी मिळवले. लोकांना ओळखीचं संगीत नव्या आवाजात आवडलं आणि पट्ट्या पक्क्या झाल्या. १९७०च्या मिनीमोगमध्ये वायरी गेल्या, जोडणी आतच कायमची झाली, कीबोर्ड मात्र यंत्राचाच भाग बनला. तरी मोठं मोग संपलं नव्हतं: डोना समरचं १९७७चं ‘आय फील लव्ह’ गायन आणि ड्रमचा ठोका सोडला तर जवळपास सगळं त्यावरच झालंय.

मोग अहमदाबादेत

भारतात मोग आलं १९६९ मध्ये, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ उभा केला. पुढच्या काही वर्षांत गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. गीता साराभाई पखवाज वाजवायच्या, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं. म्हणजे यंत्र पोहोचलं ते जाणत्या हातांत.

त्या टेप्स मग संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यातलं संगीत १९६९ ते १९७२ या काळातलं आहे, म्हणजे ते लोकांच्या कानावर पडायला पन्नासहून अधिक वर्षं लागली.