तीन लोंब्या

पुण्यात एम.एस्सी.ला असताना एका सेमिनारमध्ये मी बोलून गेलो की आमच्या तालुक्यात एक मोठे संशोधक होते, तिसरी शिकलेले. सरांनी चांगल्या मनानंच विचारलं, "त्यांचा पेपर कुठं वाचायला मिळेल?" मी गप्प बसलो. पेपर नव्हता. तांदूळ होता, आणि तो बहुधा त्याच दुपारी आमच्या मेसमध्ये शिजला होता.

मी नागभीडचा. आमच्याकडे मुलाला पऱ्हे, रोवणा आणि बांधी हे शब्द बाराखडीच्या आधी येतात. तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे (मराठवाड्यातलं नव्हे, फोनवर प्रत्येकाला हे सांगावं लागतं). तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. जमीन थोडी, तीही जंगलाला लागून. आजी ताटात भात वाढताना म्हणायची, "हा आपल्या नांदेडचा हाय, बाबू." मला ते गावाचं कौतुक वाटायचं. संख्याशास्त्र शिकलो तेव्हा कुठं कळलं, की ती संशोधनाबद्दल बोलत होती.

१९८३ साली दादाजींच्या बांधीत 'पटेल ३' नावाचं वाण उभं होतं. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाण्याला पिवळसर झाक असलेल्या. त्यांनी त्या खुडल्या आणि घरी पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात शेताच्या मध्यभागी एका लहानशा तुकड्यात ते दाणे लावले, आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून भोवती काटे घातले. पीक आलं, त्यातून पुन्हा निवड केली, पुन्हा लावलं. असं वर्षामागून वर्ष.

ही गोष्ट नेहमी 'तीक्ष्ण नजर' म्हणून सांगितली जाते. नजर होतीच. पण वेगळी लोंबी धान कापणाऱ्या पुष्कळांना दिसत असेल. खरी गंमत पुढच्या वर्षी आहे. लोंबी वेगळी दिसते ती दोन कारणांनी: एकतर तिच्या पायाशी खत किंवा पाणी जास्त पडलं, नाहीतर तिच्या आतलं काही बदललं. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. तो कळायचा एकच मार्ग, दाणे वेगळे पेरायचे आणि संतती पाहायची. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेननं १९०३ मध्ये घेवड्याच्या बियांवर हेच दाखवलं. शुद्ध वंशातले मोठे दाणे निवडून पेरले तरी पुढची पिढी मोठी होत नाही, कारण तो मोठेपणा मातीचा असतो, वंशाचा नसतो. 'जीन' हा शब्दही त्याचाच, १९०९ चा. नांदेडच्या बांधीतला तो काट्यांचा तुकडा म्हणजे योहान्सेनचा प्रश्न होता.

आणि इतकी वर्षं कशाला? इथं माझा विषय येतो. धानाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं. समजा मूळ रोप संकरित होतं. मग त्याच्यातला मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो: अर्धा, पाव, अष्टमांश. सात पिढ्यांनी उरतो १/१२८, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. १९८३ पासून १९९० पर्यंत मोजा, सातच हंगाम येतात. वाण लोकांच्या हाती गेलं ते १९९० च्या सुमारास. दादाजींनी हा अपूर्णांक कधी मांडला नसेल. पण पीक एकसारखं येईपर्यंत थांबायचं, ही त्यांची अट त्याच उत्तराकडे जाते.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशरनं शेतावरच्या प्रयोगांचे नियम घातले: वाणांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, एकच वाण अनेक तुकड्यांत लावा, म्हणजे जमिनीचा चांगुलपणा वाणाच्या नावावर जमा होणार नाही. दीड-दोन एकरवाल्याला हे परवडत नाही. ते काम संस्थेनंच करायचं असतं, आणि त्याला मोल आहे.

नवं धान बाजारात आलं तेव्हा त्याला नावही नव्हतं. मनगटावर एचएमटी असणं ही तेव्हा ऐट होती, म्हणून घड्याळाचं नाव तांदळाला चिकटलं. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं. १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित झालं. बियाणं शुद्ध करून चाचण्या घेतल्या, ही विद्यापीठाची बाजू. माझं बी नेलं आणि श्रेय दिलं नाही, ही दादाजींची. मला दोन्ही खरी वाटतात, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. शुद्ध करणाऱ्याचं नाव वाणाला लागलं, शोधणाऱ्याचं लागलं नाही.

पैशाचं काय? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये एक पेच मांडला होता. माहिती विकत घेणाऱ्याला ती पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही, आणि पाहिली की ती त्याला फुकटच मिळालेली असते. धानात हा पेच गोणीत भरलेला असतो. खायला विकलेला दाणा पेरताही येतो. एकदा शेजाऱ्याला पायलीभर दिलं की शोध गावाचा, मग जिल्ह्याचा, मग राज्यांच्या सीमा ओलांडून गेलेला. शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवता येईल असा कायदा आला २००१ मध्ये. शेतकऱ्याच्या वाणातून दुसरं वाण काढायचं तर त्याची संमतीही त्यात सांगितली आहे. एचएमटी तोवर कधीच गावं फिरून आलं होतं.

२००५ हे वर्ष मला विलक्षण वाटतं. त्या वर्षी भारतासह दहा देशांच्या शास्त्रज्ञांनी धानाच्या बाराही गुणसूत्रांचा नकाशा पूर्ण करून छापला. कोट्यवधी अक्षरं संगणकांनी जुळवली होती. त्याच वर्षी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'नं त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. उद्योजक! मुलाच्या आजारपणात ज्याची जमीन गेली तो उद्योजक.

३ जून २०१८ ला गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले.

एचएमटीवर ते थांबले नव्हते. नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न अशी आणखी वाणं त्यांनी काढली. एका वाणाचं नाव आहे डीआरके. नागभीडला गेलो की मी धान्याच्या दुकानात उगाच विचारतो, डीआरके म्हणजे काय हो? कोणी म्हणतं कंपनी असेल. एक म्हातारे हमाल मात्र गोणी खाली ठेवून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "दादाजी रामाजी खोब्रागडे."