शिवसागर जलाशयातील नौकानयन
सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर हेळवाकजवळ १९६४ साली पूर्ण झालेल्या धरणामागे शिवसागर जलाशय पसरला आहे. त्याची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. नौकानयनासाठी तापोळा आणि बामणोली ही मुख्य ठिकाणे. सोळशी नदी कोयनेला तापोळ्याजवळ मिळते. बामणोलीहून लाँच वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जाते. हा प्रवास साधारण दीड तासाचा असून पुढचा परिसर अभयारण्याचा असल्याने वनखात्याची परवानगी लागते. जलाशयापलीकडच्या गावांसाठी मात्र लाँच आणि तराफा हे पर्यटनाचे नव्हे, रोजच्या दळणवळणाचे साधन आहे आणि त्याचे मोल प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

पाण्याची पातळी पावसावर व धरणाच्या कारभारावर अवलंबून असते. पावसाळ्याअखेर जलाशय भरलेला असताना नाव थेट काठाला लागते. पुढे वीजनिर्मितीसाठी पाणी पश्चिमेकडे वळवले जाते, तशी पातळी उतरते. उन्हाळ्यात चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात, धक्का दूर राहतो आणि नाव उथळ पाण्यात रुतू शकते. वल्ह्याच्या छोट्या नावेला सकाळचे संथ पाणी सोयीचे; मोकळ्या पात्रात वारा सुटला की लाटा उठतात, तेव्हा काठालगतच राहणे श्रेयस्कर. पाणी खोल व काठ तीव्र उताराचे असल्याने जीवरक्षक जाकीट अत्यावश्यक ठरते.