एक रात्र किल्ल्यात: जर्मनीतला शोनबुर्ग, सासवडचा जाधवगड आणि गावोगावच्या गढ्या

आजचा विषय ऐकायला जरा रोमँटिक आहे. लग्नाचा वाढदिवस आहे आणि नवरा-बायकोने ठरवलंय, एक रात्र किल्ल्यात राहायचं. तंबू ठोकून नाही हं! पलंग, गरम पाणी, सकाळी नाश्ता, सगळं व्यवस्थित. जर्मनीत हे अगदी कॉमन आहे. आपल्याकडे मात्र ‘किल्ल्यात हॉटेल’ एवढं म्हटलं तरी वाद पेटतो. असं का, ते बघू.

आधी जर्मनी. ऱ्हाईन नदीच्या काठी ओबरवेझेल नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या वर टेकडीवर शोनबुर्ग किल्ला. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने तो जाळला आणि पुढची जवळपास दोनशे वर्षं तो तसाच पडका राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका श्रीमंत कुटुंबाने तो विकत घेऊन दुरुस्त केला. १९५० मध्ये गावाने तो परत विकत घेतला आणि १९५७ पासून तिथे एकच कुटुंब हॉटेल चालवतंय. म्हणजे बघा, मालक गाव, भाडेकरू हॉटेलवाला. पाहुण्यांच्या पैशावर छप्पर टिकतं, पण किल्ला गावाचाच राहतो.

आता आपल्याकडे या. राहात्याहून नगर, पुणे करत दिवेघाट चढलात की सासवडच्या अलीकडे जाधववाडी लागते. तिथे आहे जाधवगड. १७१० मध्ये तो बांधला पिलाजीराव जाधवांनी, म्हणजे शाहू महाराजांच्या काळातल्या एका मोठ्या सरदाराने. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे दिल्लीवर धडकले ना, त्याच मोहिमेत मल्हारराव होळकरांसोबत यमुना ओलांडून दुआबात उतरलेले हे पिलाजी. आज त्यांच्या गढीत कामत समूहाचं हॉटेल आहे, आणि ‘आई’ नावाचं जुन्या वस्तूंचं संग्रहालयही आहे.

मी ‘गढी’ म्हणालो, ते मुद्दाम. गड आणि गढी यात फरक आहे. रायगड, राजगड ही स्वराज्याची ठाणी. गढी म्हणजे सरदाराचं किंवा देशमुख-पाटलाचं तटबंदी असलेलं घर. बुरूज लढण्यासाठी, पण आत देवघर, स्वयंपाकघर, धान्याची कोठारं. तिथे माणसं झोपायची, बाळंतपणं व्हायची, लग्नं लागायची. त्यामुळे गढीत पुन्हा कोणी राहायला आलं तर तिचा मूळ उपयोगच परत सुरू होतो.

हा फरक बाजूला राहिला की काय होतं, ते २०१९ च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. राज्यातले २५ किल्ले पर्यटन महामंडळामार्फत हॉटेलसाठी भाड्याने देणार, अशी बातमी आली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की शिवाजी महाराजांशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही. तो राग मला पटतो. ज्या गडावर लोक चप्पल काढून समाधीपुढे उभे राहतात, तिथे रूम सर्व्हिस कशी चालेल?

पण मधल्या जागाही आहेत. गोव्याच्या उत्तर टोकाचा तेरेखोल बघा. बांधला सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांनी, १७४६ मध्ये घेतला पोर्तुगीजांनी. १५ ऑगस्ट १९५४ ला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी इथेच तिरंगा फडकवला. पुढे याच किल्ल्यात हेरिटेज हॉटेल आलं. तिथे राहणाऱ्या जोडप्याने खिडकीतून फक्त समुद्र बघितला आणि तिरंग्याची गोष्ट त्यांच्या कानावरच आली नाही, तर ते एखाद्या रिसॉर्टवर राहिले काय आणि किल्ल्यात राहिले काय, सारखंच!

म्हणून माझे तीन प्रश्न. मालकी कोणाची? खोली न घेणाऱ्या गावकऱ्याला, शाळेच्या सहलीला आत जाता येतं का? आणि इथे कोण राहत होतं, काय घडलं, हे पाहुण्याला कोणी सांगतं का? तिन्हींची उत्तरं नीट असतील तर हॉटेलला माझी हरकत नाही.

कारण दुसरा पर्याय आपल्या नगर जिल्ह्यात गावोगाव दिसतो. वारस शहरात गेले, वाटण्या झाल्या, दुरुस्तीचा खर्च कोणालाच झेपेना. पावसाळ्यात छप्पर गळतं, कोणाच्या लक्षात येत नाही. भिंतीत पिंपळ उगवतो, मग भिंत फुटते. लोक गढीची पांढरी माती धाब्यावर टाकायला नेतात, दगड कोणाच्या तरी जोत्यात जातात. पन्नास वर्षांत गढीचं टेकाड होतं. यावर कुठे आंदोलन होत नाही, बातमीही येत नाही.

तुमच्या गावात अशी गढी असेल तर या रविवारी जाऊन फोटो काढा. गावातल्या एखाद्या आजोबांना किंवा आजीला विचारा, तिथे शेवटचं कोण राहत होतं. आणि ते बोलतील तसं मोबाईलवर रेकॉर्ड करा. ऐकायला मला नक्की आवडेल. भेटू पुढच्या भागात!