‘भात खाल्ला का?’

ख्मेर भाषेत रोजच्या बोलण्यात जेवण्याला ‘न्याम बाय’ म्हणतात. शब्दशः भात खाणं. स्वयंपाकघर म्हणजे ‘फ्तेह बाय’, भाताचं घर. आणि ओळखीचं कोणी भेटलं की ‘भात खाल्ला का?’ ही विचारपूस. अंकोर वाट बघायला सियाम रीपला गेलो तेव्हा मला एवढीच ख्मेर येत होती, आणि ती बऱ्यापैकी पुरली.

१२९६ मध्ये चिनी शिष्टमंडळाबरोबर झोऊ दाग्वान अंकोरला आला आणि जवळपास वर्षभर राहिला. राजवाडा, मिरवणुका यांबद्दल त्याने लिहिलंच, पण मला त्याने केलेलं स्वयंपाकघराचं वर्णन जास्त आवडतं. जमिनीत रोवलेल्या तीन दगडांची चूल, भाताला मातीचं मडकं, करवंटीची पळी. कालवणासाठी पानांचे द्रोण, रस भरला तरी न गळणारे. भात हाताने खायचा, आणि तो चिकट म्हणून बोटं बुडवायला शेजारी पाण्याचं भांडं. आपल्याला यात नवल ते काय! पण त्याला वाटलं, म्हणून नोंद राहिली.

आता हाताची जागा बहुतेक ठिकाणी चमच्याने घेतली आहे. काटा फक्त घास चमच्यावर ढकलायला. बाकी रीत जुनीच. घरात चपला काढून चटईवर बसायचं. भात ज्याचा त्याला, पण मासा, भाजी, ‘सामलॉ’ म्हणजे पातळ कालवण, हे सगळं एकदम मधोमध. आधी हे, मग ते, असा क्रम नाही. वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्यावर आपण करायची आणि मधल्या पदार्थांतून थोडं थोडं घ्यायचं. (शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. ‘प्राहोक’ हा खारवून आंबवलेला मासा असतो आणि तो कशातही असू शकतो. पावसाळ्यात मेकाँगच्या लोंढ्याने तोनले साप नदी उलटी वाहते, २,५०० चौरस किलोमीटरचं तळं पाच-सहा पट पसरतं, आणि पाणी उतरताना मासे इतके मिळतात की टिकवावेच लागतात.)

ही मधली ताटंच ख्मेर रूजने काढून घेतली. १७ एप्रिल १९७५ ला नॉम पेन्ह त्यांच्या हाती पडलं. शहरं रिकामी केली, चलन रद्द केलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत घरी चूल पेटवणं हाच गुन्हा ठरला. भांडी जप्त झाली. सगळ्यांनी सामूहिक भोजनगृहात जेवायचं. आमच्या क्षेत्रात आकडा ठरवून मागे लागण्याचं फार कौतुक असतं. त्या राजवटीच्या चार वर्षांच्या योजनेतला आकडा होता हेक्टरी ३ टन भात, देशभर. पिकलं नाही तरी वरचा वाटा वर पोचायचाच. पिकवणाऱ्यांच्या वाट्याला ‘बोबॉर’, म्हणजे पेज, तीही पाण्यासारखी. रानातलं फळ तोडलं, खेकडा पकडला तरी शिक्षा. जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, आजार आणि कत्तलींत साधारण १५ ते २० लाख माणसं गेली.

एकत्र जेवणं हा ज्या समाजाचा रोजचा रिवाज, त्याला एकत्र जेवण्याच्याच नावाखाली उपाशी मारलं, हे मला अजून नीट पचत नाही. चटईवर आजी आपल्या वाट्याचा मासा नातवाकडे सरकवू शकते. भोजनगृहात डाव दुसऱ्याच्या हातात असतो.

पावसाळा सरत आला की तिकडे ‘प्चुम बेन’ येतो. महिना ‘फोत्रबोत’, म्हणजे आपला भाद्रपद, पंधरवडाही वद्यच. ‘बेन’ म्हणजे पिंड. पहाटे अंधारात लोक विहाराभोवती फिरत भाताचे गोळे टाकतात, भुकेल्या ‘प्रेत’ांसाठी. समजूत अशी की त्यांची तोंडं सुईच्या छिद्राएवढी असतात आणि उजेड त्यांना सोसत नाही. ख्मेर रूजच्या काळात हे सगळं बंद होतं. आता पुन्हा होतं. ज्यांचे आईवडील त्या चार वर्षांत पेजेवर गेले आणि कुठे पुरले हेही कळलं नाही, तीही माणसं पहाटे चारला उठून भात शिजवतात आणि गोळे घेऊन निघतात.