जयपूरची पन्नास जोडपी

लग्नाच्या पंगतीत एक वाक्य तुम्हीही ऐकले असेल: "प्रेमविवाहातले प्रेम ओसरत जाते, ठरवून केलेल्या लग्नातले वाढत जाते, आता शास्त्रानेही ते सिद्ध केले आहे." बेळगावातल्या माझ्या दवाखान्यात मी ते अनेक तरुण-तरुणींना ऐकवले. हे शास्त्र आले कुठून, याचा शोध मात्र फार उशिरा घेतला.

सुरुवात अमेरिकेतली. १९७० साली झिक रुबिन या तरुण मानसशास्त्रज्ञाने प्रेम मोजण्यासाठी १३ आणि आवड मोजण्यासाठी वेगळी १३ विधाने प्रसिद्ध केली. माणसाविषयी आदर असणे, तो आपल्यासारखा वाटणे ही आवड. त्याच्यावाचून न करमणे, त्याची काळजी वाहणे, त्याच्यापाशी मन मोकळे करणे हे प्रेम. मिशिगन विद्यापीठातल्या जोड्यांवर त्यांनी ती वापरून पाहिली. प्रेमाचे गुण जास्त असलेल्या जोड्या एकमेकांच्या डोळ्यांत अधिक वेळ पाहत होत्या.

असले संशोधन सर्वांना रुचले नाही. १९७५ मध्ये सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी उधळपट्टीसाठी 'गोल्डन फ्लीस' नावाचा उपहासाचा पुरस्कार सुरू केला. पहिलाच मिळाला नॅशनल सायन्स फाउंडेशनला. एलन बर्शाइड आणि इलेन हॅटफील्ड यांच्या प्रेमविषयक अभ्यासाला ८४,००० डॉलर दिले, हा त्यांचा गुन्हा! आयुष्यातली काही कोडी तशीच राहू द्यावीत, असे प्रॉक्समायर यांचे म्हणणे होते.

रुबिन यांची विधाने पुढे जयपूरला पोहोचली. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. काही जोडप्यांचा प्रेमविवाह, काहींचा ठरवून केलेला. प्रेमविवाहितांचे गुण सुरुवातीला जास्त होते आणि लग्नाला जास्त वर्षे झालेल्यांत ते कमी दिसले. ठरवून लग्न केलेल्यांत उलटे दिसले. आपले पंगतीतले वाक्य ते हेच.

पण जोडपी होती सगळी मिळून ५०. लग्नाच्या वर्षांप्रमाणे गट पाडल्यावर एकेका गटात मोजकीच उरली. शिवाय एकाच जोडप्याला दहा वर्षे विचारत राहिले नव्हते. नवी आणि जुनी जोडपी वेगवेगळी होती. तेव्हा 'वाढले' म्हणणे घाईचेच. २०१२ मध्ये पामेला रीगन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५८ भारतीयांना विचारले, तेव्हा दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेमाचा फरक आढळला नाही. हा नमुनाही लहानच. पण तो कोणी पंगतीत सांगत नाही.

झोप लागत नाही म्हणून एक बाई माझ्याकडे येत. त्यांनाही मी मोठ्या अभिमानाने जयपूरची गोष्ट सांगितली होती. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, डॉक्टर. प्रेम वाढलं की सवय लागली, हे मला कुणी विचारलंच नाही बघा." मी औषध लिहून दिले आणि विषय बदलला. ते आजही सलते.

रुबिन यांच्या विधानांची उत्तरे ज्याची त्यानेच द्यायची होती. आईवडिलांनी नव्हे, डॉक्टरनेही नव्हे. तुमच्या घरी यंदा स्थळे पाहणे चालू असेल, तर जयपूरचा दाखला देण्याआधी मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून विचारा. आणि जमलेच, तर स्वयंपाकघरात चाळीस वर्षे वावरणाऱ्या माणसालाही.