अल्बम कव्हर म्हणजे काय? कलाकाराच्या प्रसिद्धीत त्याचं काम काय?

गाणं कानावर पडण्याआधी आपण बहुतेकदा त्याचं कव्हर बघतो. त्यामुळे नव्या कलाकाराची पहिली ओळख हे कव्हरच करून देतं.

सुरुवात कशी झाली?

७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते पाच मिनिटांचं संगीत मावायचं. मोठ्या रचनेला अनेक तबकड्या लागत. त्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधणीत ठेवत, म्हणून नावही 'अल्बम' पडलं. ही बांधणी बहुधा साधीच असे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये रुजू झालेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण डिझायनरने त्यावर चित्रं छापायला लावली. १९४८ मध्ये बारा इंची एलपी आली आणि डिझायनरला चांगली मोठी जागा मिळाली.

गाजलेली उदाहरणं

- बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स' (१९६७) अल्बमच्या मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते.
- रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स' (१९७१) कव्हरला खरी झिप होती. गठ्ठ्यात ती दाबली जाऊन तबकडी खराब होऊ लागली. मग झिप अर्धी उघडून ठेवली, म्हणजे दाब मधल्या लेबलवर येईल.
- पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) कव्हरवर बँडचं नावच नाही. फक्त प्रिझम आणि प्रकाशकिरण. तरी लोक ते लगेच ओळखतात!

मागची बाजू का महत्त्वाची?

पुढची बाजू मुख्य कलाकाराची, तर मागची बाकी सगळ्यांची. आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या एलपीवर रागाचं नाव आणि तबल्यावर कोण, हे मागेच वाचायला मिळायचं. साथीदाराचं नाव घरोघरी पोहोचायचं ते असं. सीडीच्या बारा सेंटिमीटरमध्ये ही अक्षरं बारीक झाली आणि मोबाईलवर तर मागची बाजूच उरली नाही.

आज काय लक्षात ठेवायचं?

ऑनलाइन गाणं प्रसिद्ध करताना साधारण ३००० × ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र द्यावं लागतं. ऐकणाऱ्याला मात्र यादीत ते नखाएवढंच दिसतं. म्हणून:

१. चित्र तयार झालं की मोबाईलवर अगदी लहान करून बघा. ओळखू येत नसेल तर गर्दी कमी करा.
२. कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट किंवा किंमत टाकू नका. अशी चित्रं नाकारली जाऊ शकतात.
३. गाणं अपलोड करताना क्रेडिट्सचे रकाने रिकामे सोडू नका. गीतकार, संगीतकार, वादक, सगळ्यांची नावं नीट भरा.

तिसरा मुद्दा घाईत सुटतो. पण एलपीच्या मागच्या बाजूचं काम आता हे रकानेच करतात. तिथे नाव नसेल, तर ढोलकी कोणी वाजवली हे ऐकणाऱ्याला कळणार तरी कसं?