कॅबिनेट सचिवांची समिती : एका आश्वासनावरील भाष्य

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल दिला. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मिळाला नाही, एवढे सगळ्यांनी वाचले. त्याच निकालात केंद्र सरकारने दिलेल्या एका आश्वासनाची नोंद आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. बहुमताचे मुख्य निकालपत्र न्या. एस. रवींद्र भट यांचे. त्यातल्या अखेरच्या भागातली ही दोन वाक्ये; मूळ इंग्रजी, इथे त्यांचा आशय :

३ मे २०२३ रोजी या न्यायालयात केलेल्या निवेदनाला अनुसरून केंद्र सरकार कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमेल आणि ती सर्व संबंधित बाबींची, विशेषतः वर नमूद केलेल्यांची, सर्वंकष तपासणी करील. हे काम करताना सर्व संबंधित घटकांचे प्रतिनिधी आणि सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांची मते विचारात घेतली जातील.

सत्ताधाऱ्यांना शब्दाला जागवायचे तर तो शब्द नेमका काय होता, हे आधी पाहायला हवे. म्हणून एकेक तुकडा घेऊ.

'३ मे २०२३ रोजी केलेल्या निवेदनाला अनुसरून'

सुनावणी १८ एप्रिल २०२३ला सुरू झाली. त्याआधीच, मार्च महिन्यात, सरकारने प्रतिज्ञापत्र देऊन समलिंगी विवाहाला कडाडून विरोध केला होता. पती, पत्नी आणि त्यांची मुले हीच भारतीय कुटुंबाची कल्पना, असा त्याचा सूर. एप्रिलच्या अखेरीस पीठाने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांच्यापुढे प्रश्न ठेवला : लग्नाचा विषय बाजूला राहू द्या, पण एकत्र राहणाऱ्या या जोडप्यांना रोजच्या व्यवहारात ज्या अडचणी येतात, त्यांवर सरकार काय करणार? ३ मे रोजी उत्तर आले. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू, प्रशासकीय पातळीवर काय करता येईल ते पाहू, याचिकाकर्त्यांनी आपल्या सूचना द्याव्यात.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा शब्द कोणा मंत्र्याने दिलेला नाही. ना सभेत, ना संसदेत. दिला तो सरकारी वकिलाने, न्यायालयात. त्यामुळे उद्या कोणाला धरायचे, तर समोर चेहराच नाही. दुसरी, हे आश्वासन सरकारच्या बचावाचाच एक भाग होते. लग्नाला नकार दिला तरी जोडपी अगदीच रिकाम्या हाताने परतणार नाहीत, एवढा दिलासा न्यायालयाला मिळाला. नकार पचायला सोपा झाला. माझ्या मते या आश्वासनाचे वजन त्यामुळेच वाढते. ज्याच्या बळावर खटला जिंकायला मदत झाली, ते फेडण्याची जबाबदारी साध्या सदिच्छेपेक्षा मोठी असते.

'केंद्र सरकार नेमेल'

कधी नेमेल? तारीख नाही. न्या. भट निकालानंतर तिसऱ्या दिवशी, २० ऑक्टोबरला निवृत्त झाले. पाठपुरावा करायला ते खंडपीठावर उरले नाहीत. समितीची अधिसूचना राजपत्रात आली १६ एप्रिल २०२४ला, म्हणजे बरोबर सहा महिन्यांनी, आणि लोकसभा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्याच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना.

न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा १९७१च्या कायद्यानुसार दिवाणी अवमान ठरतो. म्हणजे कुलूप आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २० नुसार अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते. आता मुदतच न घातलेल्या आदेशाचा भंग नेमका कोणत्या दिवशी घडला, हे कोण ठरवणार? किल्ली न्यायालयाने स्वतःच हरवली, असे म्हणायला जागा आहे.

'कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली'

सरकारी यंत्रणेतला सर्वांत ज्येष्ठ अधिकारी नेमला, इथवर ठीक. बाकीचे सदस्य पाहा : गृह, महिला व बालविकास, आरोग्य, विधी मंत्रालयाचा विधायी विभाग आणि सामाजिक न्याय, या पाच खात्यांचे सचिव. अर्थ खाते नाही. कामगार नाही. निवृत्तिवेतनाचे काम पाहणारे कार्मिक मंत्रालय नाही. हे का महत्त्वाचे, ते पुढच्या तुकड्यात कळेल.

'सर्व संबंधित बाबी, विशेषतः वर नमूद केलेल्या'

साऱ्या आश्वासनाचा जीव या तुकड्यात आहे. 'वर नमूद केलेल्या' म्हणजे काय? न्या. भट यांनी त्याआधी मांडले होते की लग्न झालेल्यांना जे लाभ आपोआप मिळतात, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी विमा, निवृत्तिवेतन, ते या जोडप्यांना नाकारले जातात आणि हा भेदभावच होय. म्हणजे विषय स्पष्ट होता : जोडपे, आणि त्यांचा पैसा.

राजपत्रातली कार्यकक्षा वाचली की कपाळावर आठी पडते. वस्तू आणि सेवा मिळताना भेदभाव होऊ नये. हिंसा, छळ, जबरदस्ती होऊ नये. इच्छेविरुद्ध उपचार, शस्त्रक्रिया होऊ नयेत. समाजकल्याणाच्या लाभांत भेदभाव होऊ नये. आणि इतर आवश्यक मुद्दे. वाईट यात काहीच नाही. छळ थांबवायलाच हवा, सक्तीचे 'उपचार' तर गुन्हाच मानायला हवेत. पण हे सगळे व्यक्तीचे आणि समूहाचे प्रश्न झाले. दोघे एकत्र राहतात, हा जो खटल्याचा गाभा होता, तो न्यायालयातून राजपत्रात येईपर्यंत वाटेतच गळाला.

तरी सरकारने काही केलेच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ सप्टेंबर २०२४च्या पत्रकात सामाजिक न्याय विभागाने उचललेली पावले सांगितली. रेशनकार्डासाठी जोडीदारांना एकाच घरातले मानावे, असे पत्र राज्यांना गेले. संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असे वित्तीय सेवा विभागाने कळवले. तुरुंगात भेटीच्या हक्काबाबत गृह मंत्रालयाचे पत्र निघाले. आरोग्य मंत्रालयाने जोडीदाराचा मृतदेह ताब्यात घेण्याबद्दल लिहिले.

ही यादी ओळखीची वाटते, कारण ती सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अल्पमताच्या निकालपत्रातली आहे. त्यांनी समितीने विचारात घ्यायच्या बाबी चार भागांत मांडल्या होत्या. पहिल्यात रेशनकार्ड आणि बँक खाते, दुसऱ्यात अत्यवस्थ रुग्णाच्या निर्णयात जोडीदाराला कुटुंब मानणे, तिसऱ्यात तुरुंगभेट आणि अंत्यसंस्कार. चौथ्यात वारसा, पोटगी, प्राप्तिकराच्या सवलती, ग्रॅच्युइटी, कुटुंबनिवृत्तिवेतन, विमा. बंधनकारक नसलेल्या या यादीतून सरकारने बरीच कलमे उचलली आणि जिथे तिजोरीचा नाहीतर मालमत्तेचा संबंध येतो, नेमक्या तिथे हात आखडला. समितीत अर्थ आणि कार्मिक खाती का नसावीत, याचे उत्तर कोणी द्यायला हवे. मला हा योगायोग वाटत नाही.

दिलेल्या गोष्टीही जरा जवळून पाहू. संयुक्त खाते घ्या. नात्यात नसलेल्या दोघांनी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खाते उघडायला या देशात बंदी कधीच नव्हती. पत्राने नवा हक्क दिला नाही. काउंटरवरच्या 'नातं काय?' या प्रश्नाला उत्तर दिले, एवढेच. तेही काही कमी नाही, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे हातात घेतो आणि ते कायदेशीर वारसांचे ठरतात, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. १४ डिसेंबर २०२३ला, म्हणजे या निकालानंतर दोन महिन्यांतच, 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' या मुंबईहून गेलेल्या खटल्यात शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले. मृत्युपत्र नसेल तर वीस वर्षांच्या सहजीवनापुढे दूरचा पुतण्या भारी ठरतो.

मृतदेहाचे पत्र त्याहून बोलके. जोडीदाराने मृतदेहावर हक्क सांगावा, पण कधी? जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. ज्या घराने मुलाला उंबऱ्याबाहेर काढले, ते घर शवागाराच्या दारात हजर झाले की त्याचा हक्क आधी. ज्याने शुश्रूषा केली, डबे नेले, औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळल्या, त्याने बाजूला उभे राहायचे. कोणी आलेच नाही तर त्याची पाळी.

आणि न दिलेल्याचा एकच नमुना : ग्रॅच्युइटीचा 'फॉर्म एफ'. निकालाच्या वेळी लागू असलेल्या १९७२च्या कायद्यानुसार कर्मचाऱ्याला कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नाव नॉमिनी म्हणून घालणे रद्दबातल. कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, अवलंबित आईवडील. म्हणजे म्हाताऱ्या आईला सांभाळणाऱ्या नोकरदाराला जोडीदाराचे नाव त्या रकान्यात लिहिताच येत नाही. कुटुंबनिवृत्तिवेतनात तर निवडीचा प्रश्नच नाही, क्रम नियमानेच ठरलेला. प्राप्तिकरात पतीने पत्नीला दिलेली भेट करमुक्त. समलिंगी जोडीदाराने दिलेली भेट वर्षात ५० हजारांवर गेली की करपात्र. याच मुद्द्यावर एक जोडपे मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. समितीने हे काम केले असते, तर त्या दोघांना वकील लावावा लागला नसता.

'सर्व संबंधित घटकांचे प्रतिनिधी'

समितीत पाच खात्यांचे सचिव, समुदायातले कोणी नाही. गरज वाटल्यास तज्ज्ञांना बोलावण्याची मुभा आहे. त्याच १ सप्टेंबरच्या पत्रकातून लोकांकडून सूचना मागवल्या. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

'सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांची मते'

हा तुकडा केंद्राच्या सोयीचा आहे, पण त्यात इतर पक्षही अडकतात. सुनावणी चालू असतानाच केंद्राने राज्यांना मत विचारले होते. १० मे २०२३ला सात राज्यांची उत्तरे न्यायालयापुढे आली. आसाम, आंध्र प्रदेश आणि राजस्थान यांनी विरोध नोंदवला. राजस्थानात तेव्हा अशोक गेहलोत यांचे काँग्रेस सरकार होते. वर्ष पुरे व्हायच्या आत, एप्रिल २०२४मध्ये, त्याच काँग्रेसच्या जाहीरनाम्यात आले की व्यापक विचारविनिमयानंतर समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा करू. मन बदलणे चांगलेच. पण जयपूरचे सरकार चुकले होते, असे पक्षाने कुठे म्हटले? आणि 'व्यापक विचारविनिमयानंतर' ही पळवाट तर भाजप सरकारच्या वकिलाच्या 'समिती नेमू'चीच धाकटी बहीण. त्यापेक्षा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा मजकूर नेमका होता : विशेष विवाह कायद्याच्या धर्तीवर कायदा, अवलंबित जोडीदार, वारसा. नेमके लिहिणे त्यांना परवडते, कारण दिल्लीत सत्ता येण्याची धास्ती नाही, हेही खरे.

महाराष्ट्राने काय कळवले? उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमप्रमाणेच : विषयावर सखोल चर्चा लागेल, लगेच मत देता येत नाही. तेव्हा शिंदे-फडणवीस सरकार होते. त्याआधी १ एप्रिल २०२२ला बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. पती-पत्नीच्या जागी जोडीदार, आणि समलिंगी जोडप्यांना विवाहनोंदणी. धाडसाबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवे. पण १९७०नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हे मांडणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयकही व्यपगत झाले. त्यांच्या पक्षाने हाच मजकूर महाराष्ट्र सरकारच्या उत्तरात यावा म्हणून विरोधी बाकांवरून किती रेटा लावला, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा.

आता न्यायालयाची वाट जवळपास बंद आहे. पुनर्विलोकनाच्या याचिका ९ जानेवारी २०२५ला फेटाळल्या गेल्या. जाहीरनामा तर कोणत्याच न्यायालयात चालत नाही. त्यातली वचने भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्येच सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सांगितले. उरते एक जुने, कंटाळवाणे आणि म्हणूनच दुर्लक्षित हत्यार : लोकसभेची आश्वासन समिती, १९५३पासूनची. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द तीन महिन्यांत पुरा व्हावा, असा तिचा दंडक, आणि 'विषय विचाराधीन आहे' एवढे उत्तरही तिच्या यादीत आश्वासन म्हणूनच धरले जाते. न्यायालयात वकिलाने दिलेला शब्द तिच्या कक्षेत येत नाही. तो सभागृहात मंत्र्याच्या तोंडून वदवून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत जातात. आपल्या खासदाराला एक पोस्टकार्ड टाका आणि एवढाच प्रश्न विचारायला सांगा : ३ मे २०२३च्या निवेदनानुसार नेमलेल्या समितीने ग्रॅच्युइटी, कुटुंबनिवृत्तिवेतन आणि प्राप्तिकर यांबाबत काय शिफारस केली, आणि केली नसेल तर का नाही?